जीपचा उजवा दिवा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या वाडीतल्या एका सुनेला कळा सुरू झाल्या. तालुक्याचा दवाखाना १८ किलोमीटर दूर. वाटेत लहानसा घाट. माझ्या पुतण्याकडे जुनी महिंद्र जीप आहे. वाडीत रात्री-अपरात्री तीच कामाला येते. सून, तिची सासू आणि तिचा नवरा मागे बसले. मी पुतण्याशेजारी बसलो.

जीपचा उजवा दिवा महिनाभर दुखणाईत होता. कधी निखाऱ्यासारखा लालसर जळे, कधी खड्ड्यात चाक आदळले की विझून जाई. डावा दिवा मात्र चांगला होता. पुतण्या म्हणायचा, "एक आहे ना काका, रस्ता दिसतोय की."

घाटाच्या दुसऱ्या वळणावर समोरून ट्रक आला. आमचा उजवा दिवा नेमका तेव्हा विझलेला. ट्रकवाल्याला अंधारात एकच दिवा दिसला, तोही रस्त्याच्या कडेचा. त्याला वाटले मोटारसायकल येते आहे. मोटारसायकलीला लागते तेवढीच जागा ठेवून तो मधोमध आला. पुतण्याने जीप कडेच्या चारीत घातली म्हणून आम्ही वाचलो. ट्रक हातभर अंतरावरून गेला. मागे सासूबाई मोठ्याने देवाचे नाव घेत होत्या.

दवाखान्यात पोहोचलो. पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण मला त्या रात्री झोप आली नाही. बघा, गाडीचा उजवा दिवा गेला तर गाडी नुसती आंधळी होत नाही. समोरच्याला ती अर्धीच दिसते. आणि जी बाजू दिसत नाही, तीच रस्त्याच्या मधल्या अंगाला असते.

आता कुणी म्हणेल, दिवा दुरुस्त का केला नव्हता? केला होता. एकदा नाही, दोनदा केला होता. रस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्त्रीने बल्ब बदलला. आठ दिवसांनी पुन्हा बदलला. दोन्ही वेळा पैसे घेतले. दिवा होता तसाच राहिला. जुना बल्ब आम्ही घरी आणला होता. तो पुढे तपासला तर ठणठणीत निघाला!

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याला गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. रविवारी त्याला बोलावले. तो आला, जीपभोवती फिरला आणि म्हणाला, "गुरुजी, बल्ब शेवटी बघायचा. आधी वाट बघायची." त्याने त्या दिवशी जे दाखवले, ते मी येथे लिहितो. तुमच्याकडे जुनी जीप असेल, ट्रॅक्टर असेल, टेम्पो असेल, सगळीकडे हे लागू पडते.

प्रथम वीज गाडीत कशी फिरते ते समजून घेऊ.

जुन्या माणसांनी विहिरीवरचा रहाट पाहिला असेल. गाडग्यांची माळ चाकावरून फिरते. भरलेली गाडगी वर येतात, पाटात पाणी ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. माळ वर येणाऱ्या बाजूला तुटली तर पाणी बंद. आणि खाली जाणाऱ्या बाजूला तुटली तरीही पाणी बंदच. रिकामी गाडगी परत गेलीच नाहीत तर भरून येणार कोठून?

विजेचे असेच आहे. बॅटरीच्या एका टोकापासून वीज निघते. फ्यूज, मुख्य स्विच, डिपरचा स्विच अशी ती बल्बपर्यंत येते. बल्बमधली बारीक तार तापवते, म्हणजे उजेड पडतो. मग ती बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत गेली पाहिजे. ही परतीची वाट म्हणजे गाडीचे लोखंडच. बल्बच्या होल्डरमधून एक लहान वायर निघते आणि स्क्रूने मडगार्डला किंवा बॉडीला कसलेली असते. तेथून वीज पत्र्यातून आणि चॅसीमधून बॅटरीकडे जाते. मिस्त्री लोक तिला 'अर्थ' म्हणतात. आमच्या जीपमध्ये बॅटरीचे वजा टोक बॉडीला जोडलेले आहे. जुन्या काही विलायती गाड्यांत अधिक टोक बॉडीला जोडलेले असे. म्हणून हात घालण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

येणारी वाट सगळ्यांना दिसते. तिला रंगीत वायर असते, स्विच असतो, फ्यूज असतो. परतीची वाट कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. म्हणून तिकडे कुणी बघत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आधी पुतण्यालाच प्रश्न विचारले. वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी विचारतो तसे. "एकच दिवा मंद आहे की दोन्ही? डिपर मारल्यावर काय होतं? इंजिनाचा वेग वाढवला की उजेड वाढतो का? खड्ड्यात विझतो का?"

हे प्रश्न उगाच नव्हते. दोन्ही दिवे मंद असतील आणि इंजिनाचा वेग वाढवल्यावर उजळत असतील, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिला चार्जिंग नीट मिळत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा बुरा चढला असेल तरीही असे होते. दोन्ही दिवे वरच्या उजेडात लागतात पण डिपरमध्ये लागत नाहीत, असे असेल तर डिपरचा स्विच आणि डिपरचा फ्यूज बघायचा. जुन्या जीपमध्ये हा स्विच पायाशी असतो. तेथे चिखलपाणी जाते आणि तो आतून गंजतो. बल्ब पुन्हा पुन्हा उडत असतील, तर चार्जिंग जास्त होत असेल. चालू इंजिनावर बॅटरीत साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असावेत. पंधराच्या वर गेले तर बल्ब टिकत नाहीत आणि बॅटरीही उकळते.

पण एकच दिवा मंद असेल आणि दुसरा चांगला, तर बॅटरीला दोष देऊ नये. बॅटरी दोघांची एकच आहे. मुख्य स्विचही एकच आहे. तेव्हा दोष त्या एकाच दिव्याच्या वाटेवर असणार. घरच्या एकाच खोलीत अंधार असेल तर आपण गावची लाइन गेली असे म्हणत नाही.

आणखी एक खूण त्याने सांगितली. हेडलाइट लावल्यावर त्याच बाजूचा साइडचा किंवा वळणाचा दिवा आपोआप मिणमिणू लागला, तर समजावे की अर्थ तुटली आहे. परतीची वाट बंद झालेली वीज दुसऱ्या दिव्यातून आडवाटेने घरी जाऊ पाहते.

मग त्याने खिशातून तपासणीचा दिवा काढला. ही वस्तू तुम्ही स्वतः करू शकता. १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब आणि त्याचा होल्डर घ्यायचा. होल्डरला दोन लांब वायरी जोडायच्या. एका वायरीच्या टोकाला दातांचा चिमटा, दुसरीला टोकदार खिळा. बॅटरीच्या दोन टोकांना लावून आधी तो दिवा लागतो का ते पाहायचे. मग चिमटा बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला लावायचा आणि खिळ्याने जेथे वीज यायला हवी तेथे टेकवायचे. दिवा लागला तर वीज तेथपर्यंत आली आहे. फ्यूजच्या अलीकडे लागतो आणि पलीकडे लागत नाही, तर फ्यूज गेला. स्विचच्या अलीकडे लागतो, पलीकडे नाही, तर स्विच गेला. वाटेवर एकेक पाऊल पुढे जायचे. जेथे दिवा लागायचा थांबला, तेथे दोष.

पण येथेच एक मोठी फसगत आहे. आमचा आधीचा मिस्त्री तिलाच फसला होता. त्याच्याकडेही असा दिवा होता. त्याने उजव्या बल्बचा होल्डर काढला. होल्डरमध्ये तीन पट्ट्या असतात. एक वरच्या उजेडाची, एक डिपरची, एक अर्थची. त्याने आपला दिवा डिपरची पट्टी आणि अर्थची पट्टी यांना लावला. दिवा लख्ख लागला. तो म्हणाला, "वीज येते, अर्थ आहे, म्हणजे बल्बच खराब." आणि बल्ब बदलला.

चूक कोठे झाली?

तपासणीचा दिवा फार थोडी वीज खातो. ५ वॅट म्हणजे अर्धा अँपियरसुद्धा नाही. हेडलाइटचा बल्ब आमच्याकडे ६०/५५ वॅटचा आहे. म्हणजे वरच्या उजेडाला ६० आणि डिपरला ५५. तो साडेचार-पाच अँपियर ओढतो. दहा पटींहून जास्त! आता पायवाट अरुंद झाली असेल तर एकटे माणूस तिच्यावरून आरामात जाते. तीच वाट भरल्या बैलगाडीला अडते. गंजलेल्या जोडावरून लहान दिव्यापुरती वीज जाते, हेडलाइटपुरती जात नाही. लहान दिवा खोटे बोलला नाही. त्याला जेवढे विचारले तेवढेच त्याने सांगितले.

म्हणून विद्यार्थ्याने बल्ब होल्डरमध्ये परत बसवला आणि हेडलाइट लावून ठेवला. ओझे अंगावर असतानाच वाट तपासायची. मग त्याने मीटर काढले. विजेचा दाब मोजायचे हे साधे यंत्र आता तालुक्याच्या विजेच्या दुकानात मिळते. दाब व्होल्टमध्ये मोजतात.

इंजिन बंद, डिपर चालू. बॅटरीवर दाब निघाला १२.२ व्होल्ट. बल्बच्या दोन पट्ट्यांवर निघाला ७.४. म्हणजे ४.८ व्होल्ट वाटेत हरवले होते.

"गुरुजी, आता चोर कोणत्या बाजूला आहे ते बघू," तो म्हणाला.

त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि दुसरी बल्बच्या डिपरच्या पट्टीला लावली. मीटरने ०.४ दाखवले. म्हणजे येणाऱ्या वाटेवर एवढेच हरवत होते. जुन्या गाडीत अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. मग एक तार बल्बच्या अर्थच्या पट्टीला आणि दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. तेथे मीटर जवळजवळ शून्य दाखवायला हवे. त्याने दाखवले ४.४!

पुतण्या म्हणाला, "म्हणजे चार व्होल्ट परतीलाच?"

"होय दादा. बल्ब बिचारा उपाशी होता."

साडेचार व्होल्ट गेले तर उजेडही थोडाच जाणार, असे कुणाला वाटेल. तसे नाही. बल्बचा उजेड दाबापेक्षा फार झपाट्याने घसरतो. दाब दहा टक्के कमी झाला तर उजेड तीस टक्क्यांच्या आसपास कमी होतो. आमच्या उजव्या दिव्याला दाब मिळत होता साठ टक्के. उजेड पडत होता पाचवा हिस्सासुद्धा नाही. म्हणून तो निखाऱ्यासारखा दिसे.

मीटर नसेल तर काय करावे? एक साधा उपाय आहे, तोही त्याने करून दाखवला. जाड वायरचा लांब तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या वजा टोकाला धरले, दुसरे होल्डरच्या मागून अर्थच्या पट्टीला टेकवले. त्या क्षणी समोरच्या गोठ्याची भिंत पांढरीशुभ्र झाली! गोठ्यातली म्हैस दचकून उठली. वायर उचलली की दिवा पुन्हा लाल. टेकवली की पांढरा. आणखी पुरावा काय हवा?

ही परीक्षा अर्थच्या बाजूनेच करावी. बॅटरीच्या अधिक टोकाला उघडी वायर लावून कधीही फिरवू नये. ती चुकून बॉडीला लागली तर ठिणग्या उडतात आणि वायर हातात जळते. अधिक बाजू अशी तपासायचीच असेल तर त्या वायरीत १० अँपियरचा फ्यूज घालावा. काही ट्रकवर २४ व्होल्ट असतात, तेथे तर जाणत्यालाच बोलवावे. आणि बॅटरीजवळ बिडी ओढू नये. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघत असतो.

आता दोष सापडला होता, पण कारण सापडले नव्हते. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी त्याने बॅटरीची अर्थची केबल सोडली. काम करताना ती पहिल्यांदा काढायची आणि सर्वांत शेवटी लावायची. मग पाना चुकून कोठे लागला तरी ठिणगी पडत नाही.

उजव्या मडगार्डच्या आत अर्थच्या वायरीचा स्क्रू होता. वरून पाहिले तर कसलेला, चकचकीत. मिस्त्रीने तो बोटाने हलवून पाहिला असेल आणि 'घट्ट आहे' म्हणून सोडून दिला असेल. विद्यार्थ्याने स्क्रू काढला. वायरीच्या टोकाची कडी, म्हणजे थिंबल, बाजूला केली. खाली निळा रंग!

तेव्हा पुतण्याला आठवले. आदल्या उन्हाळ्यात त्याने जीपला डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. रंगाऱ्याने स्क्रू सोडले, सगळ्या मडगार्डवर आतबाहेर छान रंग मारला आणि त्या रंगावरच थिंबल ठेवून स्क्रू आवळले. रंगातून वीज जात नाही. जी काही जात होती ती स्क्रूच्या आट्यांतून. पावसाळ्यात आट्यांनाही गंज धरला. खड्ड्यात हादरा बसला की तेवढीही वाट बंद होई. रंगाऱ्याला वाईट म्हणवत नाही. त्याने काम देखणे केले होते. त्याला विजेचे कुणी सांगितले नव्हते.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. स्क्रूभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला. जुनी थिंबल हिरवी पडली होती, ती कापून नवी दाबून बसवली. नवा स्क्रू, खाली दातेरी वायसर. आवळून झाल्यावर वरून थोडे ग्रीस फासले, म्हणजे पाणी शिरत नाही. ग्रीस आधी नाही, आवळल्यानंतर. होल्डरच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, त्याही खरवडल्या. बल्ब बसवताना त्याने काचेला बोट लावले नाही, फडक्याने धरला. हॅलोजनच्या काचेला हाताचे तेल लागले तर तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

पुन्हा मीटर लावले. अर्थच्या बाजूला ०.१. बल्बवर ११.७ व्होल्ट.

पुतण्याला हुरूप आला. तो म्हणाला, "आता शंभर वॅटचे बल्ब टाकू का? बाजारात मिळतात."

विद्यार्थ्याने मान हलवली. जुन्या जीपमध्ये दोन्ही दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि डिपरच्या स्विचमधून जाते. दोन्ही मिळून नऊ-दहा अँपियर. शंभरचे बल्ब टाकले तर सोळा-सतरा होतील. जुना स्विच आणि जुनी वायर तापतील, प्लास्टिक वितळेल. गाडीला आग लागायचे हेही एक कारण आहे. समोरच्याच्या डोळ्यांवर अंधारी येते ते वेगळेच. हल्ली जुन्या होल्डरमध्ये एलईडीचे बल्बही बसवतात. त्यांनी अर्थचा दोष जात नाही. शिवाय जुना रिफ्लेक्टर तारेच्या बल्बसाठी बनवलेला असतो, त्यामुळे उजेड भलतीकडे फाकतो.

उजेड वाढवायचाच असेल तर रिले बसवावा, असे तो म्हणाला. रिले म्हणजे काय? पाटाचे दार उघडायला मालक स्वतः जात नाही, पोराला हाक मारतो. हाक लहान, पाणी मोठे. तसे स्विचमधून फक्त थोडी वीज जाते आणि रिलेला हाक मारते. मग रिले बॅटरीकडून जाड वायरीने सरळ बल्बला वीज देतो. स्विच तापत नाही आणि वाटेत दाबही हरवत नाही. दोन रिले लागतात, एक वरच्या उजेडाला, एक डिपरला. बॅटरीजवळ त्यांना फ्यूज मात्र हवाच.

फ्यूजचे आठवले म्हणून सांगतो. फ्यूज उडाला की पुष्कळ जण सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळून बसवतात. माझ्या पुतण्यानेही बसवली होती! फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा आहे. कोठे वायर बॉडीला घासली तर तो स्वतः जळतो आणि गाडी वाचवतो. चांदी जळत नाही, मग वायर जळते. ज्या आकड्याचा फ्यूज होता त्याच आकड्याचा घालावा. तो पुन्हा उडाला तर वायर कोठे घासली आहे ते शोधावे.

६ व्होल्टच्या गाड्यांचा त्रास याहून मोठा असे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपा ६ व्होल्टच्या होत्या. जुन्या राजदूत मोटारसायकलीही तशाच. तेवढ्याच वॅटला तेथे दुप्पट अँपियर लागतात आणि हरवायला व्होल्ट निम्मेच असतात. अशा गाडीत एक व्होल्ट हरवला तरी दिवा पणतीसारखा होतो. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर सगळे जोड वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सोडून घासून घ्यावे.

संध्याकाळी अंधार पडल्यावर जीप सपाट जागी, गोठ्याच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर उभी केली. दिव्यांच्या उंचीएवढी खडूने भिंतीवर रेघ मारली. डिपरचा उजेड रेघेच्या थोडा खाली पडायला हवा. उजवा दिवा वर पाहत होता, तो स्क्रू फिरवून खाली घेतला.

विद्यार्थी हात धुवायला गेला. पुतण्या डाव्या मडगार्डशी काहीतरी करत होता. मी विचारले, "अरे, तो दिवा तर चांगला आहे."

"हो काका," तो म्हणाला, "पण रंगारी एकच होता."

त्याने डाव्या बाजूचा स्क्रू काढून माझ्यासमोर धरला. थिंबलखाली तोच निळा रंग होता. एका कोपऱ्यात नखाएवढी जागा उघडी राहिली होती आणि तेवढ्यावरच डावा दिवा आजवर चालला होता.